त्याला सांगता येत नाही म्हणून: बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांच्या मनाचं दुखणं ओळखायचं कसं, पुढे करायचं काय

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, म्हणजे लहानपणापासून समजायला, शिकायला अवघड जातं. रोज संध्याकाळी घरी आला की तो दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावतो, टाचा भिंतीला टेकवून, मधे बोटभर जागा सोडून, आणि त्याचं समाधान झाल्याशिवाय आत येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्या चपला तशाच अस्ताव्यस्त पडलेल्या दिसायला लागल्या आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. महिन्याभराने तो आंघोळीला नको म्हणायला लागला, मग पहाटे चारला उठून पलंगाच्या कडेला नुसता बसून राहायचा, मग एक दिवस त्याने वर्कशॉपमध्ये खुर्ची फेकली आणि तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. आधी ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी त्याच्याकडे एकदाही न बघता मला सांगितलं की "यांच्यात असं होतंच", आणि झोपेची गोळी लिहून दिली. खरं कारण दोन महिन्यांनी कळलं. त्याला नऊ वर्षं रोज गाडीतून नेणारे काका नोकरी सोडून गेले होते, आणि ते आता येणार नाहीत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला डिप्रेशन आलं होतं.

"यांच्यात असं होतंच" या वाक्याने जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशानेच होत नसेल. याला शास्त्रात नावसुद्धा आहे, डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग, म्हणजे अक्षमतेच्या सावलीत आजार झाकला जाणं. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे दाखवून दिलं, मानसशास्त्रज्ञांना सारख्याच लक्षणांची केस वाचायला दिली पण त्यात व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे असं लिहिलेलं असलं की तीच लक्षणं त्यांना कमी गंभीर वाटायला लागली. हे सगळं लक्षात ठेवून, घरच्यांनी किंवा केअरटेकरने काय काय करायचं ते मी शिकले त्या क्रमाने लिहितेय.

पहिलं काम: तो बरा असताना कसा असतो ते लिहून काढा

हे आजच करा, काही बिघडायची वाट बघू नका. किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो, काय आवडीने खातो, वजन किती, कोणाशी बोलतो, किती शब्द बोलतो, आंघोळ-कपडे स्वतः करतो की मदत लागते, आनंद झाला की काय करतो, राग आला की काय करतो, दुखलं की काय करतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण खूप जणांना "दुखतंय" म्हणता येत नाही. कोणी गप्प होतं, कोणी गुणगुणतं, कोणी स्वतःच्या हाताला चावतं. आणि त्याच्या खास सवयी, आमच्या चपलांसारख्या, त्या नक्की लिहा. नवीन डॉक्टर त्याला पहिल्यांदाच बघत असतात, त्यांना "आधीपेक्षा बदललाय" हे कळायला आधीचं चित्र हवं ना, ते फक्त तुमच्याकडे असतं. शक्य असेल तर तो मजेत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा, शंभर शब्दांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

दुसरं: बदल ओळखायला शिका

ग्लासगोमध्ये सॅली-अ‍ॅन कूपर यांच्या टीमने बौद्धिक अक्षमता असलेल्या १०२३ मोठ्या माणसांची तपासणी केली होती, अभ्यास २००७ साली छापून आला. अनुभवी डॉक्टरांनी नीट तपासल्यावर जवळपास ४१ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता (त्यात वागण्याच्या अडचणी पण धरल्या होत्या). पण त्याच माणसांना इतर सगळ्यांसाठी बनवलेले डीएसएमचे (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) निकष लावले तर आकडा साधारण १६ टक्क्यांवर आला. माणसं तीच बरं का. कारण ते निकष बरेचसे माणूस तोंडाने काय सांगतो यावर उभे आहेत, "मला निराश वाटतं", "मला अपराधी वाटतं" वगैरे. म्हणूनच डीसी-एलडी (२००१) आणि डीएम-आयडी (२००७, दुसरी आवृत्ती २०१६) असे वेगळे निकष तयार केले गेले ज्यात दिसणाऱ्या गोष्टींना जास्त वजन आहे.

मग दिसतं काय? डिप्रेशनमध्ये रडणं असेलच असं नाही, चिडचिड असते, मारणं असतं, येत असलेल्या गोष्टी सोडून देणं असतं, जसं की बटणं लावता येणारा माणूस हात खाली सोडून उभा राहतो. झोप आणि भूक बदलते, आवडता कार्यक्रम लागला तरी मान वळत नाही. चिंतेत माणूस एकच प्रश्न पन्नास वेळा विचारतो, मागे मागे फिरतो, घराबाहेर पडायच्या वेळी संडासात जाऊन बसतो. मेनियामध्ये, म्हणजे मन अति उत्साहात जातं त्या आजारात, तीन-चार तास झोपून पण ताजातवाना, सतत हसणं, बडबड, कपडे काढणं असं दिसू शकतं आणि लोक त्याला "मस्ती" म्हणतात.

एक गोष्ट उलट्या बाजूने पण सांगते. स्वतःशी बोलणं हे खूप जणांचं, विशेषतः डाऊन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त) असलेल्यांचं, विचार करायचं साधन असतं. दिवसभरात झालेलं ते परत बोलून बघतात. तेवढ्यावरून कोणी "आवाज ऐकू येतात, स्किझोफ्रेनिया आहे" म्हणत असेल तर थांबा आणि विचारा की हे बोलणं नवीन आहे का, त्यात भीती आहे का, बाकी वागणं बदललंय का.

तिसरं: मनाच्या आधी शरीर तपासा

ही पायरी कोणीही गाळू नका. वागणं अचानक बदललं की पहिला प्रश्न "कुठे दुखतंय का?" हाच. दात, कानातला मळ, कानातलं इन्फेक्शन, पित्त वर येणं, पोट साफ न होणं, लघवीचं इन्फेक्शन, पाळीचा त्रास, पाळी जातानाचे बदल, थायरॉईड, कमी दिसणं, कमी ऐकू येणं, पायाला लागलेलं कुरूप. स्वतःच्या गालावर मारणारा माणूस दात किंवा कान दाखवत असू शकतो. जेवण झाल्यावर मागे वाकणारा, ताट ढकलणारा माणूस छातीतली जळजळ सांगत असू शकतो. दर महिन्याला ठराविक दिवसांत बिघडत असेल तर कॅलेंडरवर पाळीच्या तारखा घालून बघा. घोरतो, दिवसा पेंगतो, सकाळी वैतागलेला असतो, तर झोपेत श्वास अडकत नाही ना ते तपासून घ्या, डाऊन सिंड्रोममध्ये हे फार जास्त आढळतं आणि थायरॉईडपण.

बद्धकोष्ठतेला कोणी किरकोळ समजू नका. या लोकांमध्ये ती खूप जास्त असते, अनेक मानसिक आजारांच्या गोळ्यांनी आणखी वाढते आणि दुर्लक्ष झालं तर जिवावर बेतू शकते. शी कधी झाली याची नोंद ठेवायला लाज वाटू देऊ नका.

आणि चालू असलेल्या गोळ्या बघा. फिटच्या गोळ्यांमध्ये लेव्हेटिरासिटामने काही जणांची चिडचिड, आक्रमकपणा वाढतो. गोळी नवीन सुरू झाली किंवा डोस वाढला आणि दोन-तीन आठवड्यांत वागणं बदललं तर तारखा शेजारी शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा, पण फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र अजिबात करू नका.

चौथं: त्याच्या आयुष्यात काय बदललं

आपल्याला जे किरकोळ वाटतं ते त्याच्यासाठी अख्खं जग असू शकतं. केअरटेकर बदलला, गाडीचा ड्रायव्हर बदलला, खोली बदलली, बहिणीचं लग्न होऊन ती गेली, वर्कशॉपमधला मित्र यायचा बंद झाला, आई आजारी पडली. गेल्या सहा महिन्यांची यादी करा, आणि प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: हे त्याला कोणी सांगितलं होतं का? आमच्या यादीत त्या काकांच्या नावापुढे "नाही" असं लिहिताना माझा हात थांबला होता.

मृत्यूबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे चांगल्या मनाने फार चुका होतात. "बाबा झोपले", "गावाला गेले" असं सांगू नका. जो शब्दशः अर्थ घेतो तो मग झोपायला घाबरतो किंवा दारात वाट बघत बसतो, रोज. "बाबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे नाही झालं." इतकं साधं सांगा, आणि परत परत सांगावं लागेल त्याची तयारी ठेवा. अंत्यसंस्काराला यायचं का हे त्याला विचारा, काय दिसेल ते आधी सांगा, सोबत एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा. दुःख आठ महिन्यांनी, वर्षाने पण बाहेर येऊ शकतं, तेव्हा "आता कशाला" म्हणू नका. चित्रांतून समजावणारी पुस्तकं असतात, शब्द नसलेली, ब्रिटनमध्ये मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी अशी पुस्तकं बनवायला १९८९ साली सुरुवात केली. तशी नाही मिळाली तरी घरच्या फोटोंचा अल्बम घेऊन बसलात तरी बरंच होतं.

आणि अत्याचाराचा विचार मनात आणायला घाबरू नका. या लोकांवर शारीरिक, लैंगिक अत्याचार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. एखाद्या ठराविक माणसाला, ठराविक खोलीला किंवा गाडीला घाबरणं, कपडे बदलताना ओरडणं, अंगावर खुणा, अचानक लैंगिक बोलणं, हे दिसलं तर आधी त्याला त्या माणसापासून लांब करा, तो सांगतोय त्यावर विश्वास ठेवा, शब्द त्याचेच जसेच्या तसे लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा उलटतपासणी करू नका, आणि डॉक्टर आणि पोलिसांकडे जा.

पाचवं: दोन आठवड्यांची वही

साधी वही घ्या. रोज झोपेचे तास, जेवण, शी, औषधं, मूड (चांगला, मधला, वाईट, एवढंच). आणि काही घडलं तर तीन गोष्टी: त्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने नक्की काय केलं, त्यानंतर काय झालं. "आज खूप त्रास दिला" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "टीव्हीचा आवाज मोठा होता, पाहुणे आले, त्याने कान झाकले, मी हात धरला, त्याने मला ढकललं, मग आतल्या खोलीत नेल्यावर दहा मिनिटांत शांत" असं लिहा. याच्यात उत्तर जवळजवळ लिहिलेलंच आहे बघा.

केअरटेकर किंवा घरच्यांनी भरायच्या प्रश्नावल्या पण आहेत, उदाहरणार्थ पास-अ‍ॅड चेकलिस्ट, आणि ग्लासगो डिप्रेशन स्केल ज्यात व्यक्तीला विचारायचे २० प्रश्न आणि सांभाळणाऱ्यासाठी वेगळे १६ प्रश्न आहेत. डॉक्टरांना विचारा की अशी काही वापरता का. त्यांच्यावरून निदान होत नाही, पण चर्चेला सुरुवात चांगली होते.

सहावं: त्यालाच विचारा, पण नीट

आपण सगळे त्याच्या डोक्यावरून बोलतो, मी पण वर्षानुवर्षं तेच केलं. विचारायचं तर आधी हे माहीत हवं की खूप जण समोरच्याला खूश करायला प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतात. "तू उदास आहेस का?" हो. "तू आनंदी आहेस का?" हो. म्हणून दोन पर्याय द्या, "आज मजा आली की कंटाळा आला?", आणि थोड्या वेळाने क्रम उलटा करून परत विचारा. "दोन आठवड्यांपासून" असं म्हणण्यापेक्षा "तुझ्या वाढदिवसानंतर" असं म्हणा. एका वेळी एकच प्रश्न. मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा, उत्तर यायला वेळ लागतो आणि आपण मधेच दुसरा प्रश्न टाकला की पहिला विरतो. चेहऱ्यांची तीन चित्रं पुरतात, एक ते दहा आकडे नकोत. समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबर चालताना किंवा काहीतरी काम करताना माझा भाऊ जास्त बोलतो. कपडे वाळत घालताना तो मला म्हणाला होता, "काका रागावले माझ्यावर." म्हणजे दोन महिने त्याला वाटत होतं की त्याचं काहीतरी चुकलं म्हणून ते येत नाहीत.

मरण्याबद्दल बोलत असेल, "मला नको राहायला" म्हणत असेल तर "त्याला काय कळतंय" म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा की मरावंसं वाटतं का, काय करणार होतास. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. गोळ्या, धारदार वस्तू लांब ठेवा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीला न्या.

सातवं: डॉक्टरांकडे जाताना

अपॉइंटमेंट दिवसाची पहिली मागा म्हणजे वेटिंगमध्ये तासभर बसावं लागत नाही, शक्य असेल तर दुप्पट वेळ मागा. कुठे जातोय ते आदल्या दिवशी त्याला सांगा, दवाखान्याचा फोटो दाखवा. बरोबर न्यायचं: पहिल्या पायरीचं पान, वही, व्हिडिओ, सगळ्या गोळ्यांची यादी, आधीचे रिपोर्ट. डॉक्टर तुमच्याशीच बोलायला लागले तर "त्याला विचारा ना, मी मदत करते" असं म्हणायला अजिबात संकोच करू नका. आणि मधे एकदा तुम्ही बाहेर जा, त्याला डॉक्टरांशी एकट्याने काही सांगायचं असू शकतं.

त्याची संमती पण घ्यायची असते बरं का. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं कलम १२ हेच सांगतं की कायद्यापुढे त्याचं माणूसपण इतरांएवढंच आहे आणि निर्णय घ्यायला लागणारा आधार त्याला मिळाला पाहिजे. गोळी कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, नाही घेतली तर काय, हे चित्र काढून का होईना त्याला सांगा.

आठवं: गोळ्या

मी गोळ्यांच्या विरोधात नाही. भावाला डिप्रेशनच्या गोळीने खरंच आधार दिला, झोप परत आली. पण निदान झालेल्या आजारासाठी गोळी देणं आणि नुसता माणूस शांत बसावा म्हणून अँटिसायकोटिक (मुळात सायकोसिससाठी, म्हणजे भास-भ्रम होतात त्या आजारासाठीची गोळी) देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००८ साली लॅन्सेटमध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, बौद्धिक अक्षमता असलेल्या, आक्रमक वागणाऱ्या पण सायकोसिस नसलेल्या ८६ जणांना रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल ही अँटिसायकोटिक किंवा नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी दिली. चार आठवड्यांत आक्रमकपणा तिन्ही गटांत कमी झाला, आणि सगळ्यात जास्त कमी खोट्या गोळीच्या गटात! इंग्लंडमध्ये तर बौद्धिक अक्षमता असलेली रोज ३० ते ३५ हजार मोठी माणसं योग्य कारणाशिवाय अँटिसायकोटिक, डिप्रेशनच्या गोळ्या किंवा दोन्ही घेतायत असा अंदाज निघाल्यावर २०१६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने ही औषधं कमी करायची स्टॉम्प नावाची मोहीमच सुरू केली.

म्हणून प्रत्येक गोळीला हे विचारा: कुठल्या आजारासाठी, फरक पडला हे कशावरून ठरवायचं, किती आठवड्यांत, परत कधी बघायचं, बंद कधी करायची. सुरुवात कमी डोसने आणि वाढ हळूहळू, एका वेळी एकच बदल. अँटिसायकोटिक चालू असेल तर वजन, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा. त्याच गोळीने कधी कधी पायात अशी अस्वस्थता येते की माणूस एका जागी बसूच शकत नाही, सारखा येरझारा घालतो, आणि लोकांना वाटतं आजार वाढला म्हणून डोस वाढवला जातो! झोपेच्या, शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी काही जण उलट जास्त बेफाम होतात. असं काही दिसलं की लगेच फोन करा. आणि कुठलीच गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करायची असते.

नववं: बोलणं, आणि रोजचा दिवस

"याला काउन्सेलिंगचा काय उपयोग" हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. उपयोग होतो, फक्त पद्धत बदलावी लागते: सेशन छोटं, चित्रं, करून दाखवणं, तेच पुन्हा पुन्हा, आणि घरचं कोणीतरी सोबत. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता आणि डिप्रेशन असलेल्या १६१ जणांवर एक ट्रायल झाली, २०१७ साली छापून आली, त्यात एका गटाला आवडीच्या कामांकडे हळूहळू परत वळवणारी थेरपी दिली आणि दुसऱ्याला सोप्या पुस्तिकांवरून मदत. दोन्ही गटांत उदासी कमी झाली, दोघांत फरक नव्हता. काहीच न दिलेला गट त्यात नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला ते ठरवता येत नाही. पण दोन्हीकडे त्याच्या ओळखीचा माणूस शेजारी बसलेला होता हे मला महत्त्वाचं वाटतं.

आम्ही घरी हेच केलं. भिंतीवर दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक, त्यात रोज एक गोष्ट त्याने स्वतः निवडलेली. सुरुवातीला फक्त पाच मिनिटं कुंड्यांना पाणी. आणि ते काका, त्यांचा नंबर शोधून काढला, ते एका रविवारी घरी आले, "मी रागावलो नाही, मला दुसरीकडे काम लागलं" असं त्याच्याजवळ बसून सांगितलं. तेव्हापासून कोणीही जाणार असेल तर आम्ही आधी सांगतो, निरोप घेतो, फोटो काढून वेळापत्रकाशेजारी लावतो.

डाऊन सिंड्रोम असेल तर अजून एक

अल्झायमरशी संबंधित एपीपी हे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं आणि डाऊन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र एक जास्त, त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल दिसायला लागतात, विसराळूपणा वगैरे मात्र साधारण पन्नाशीच्या पुढे. सुरुवात बऱ्याचदा विसरण्याने होत नाही, स्वभाव बदलण्याने होते. म्हणून तिशीतच त्याला काय काय येतं याची एक नीट चाचणी करून ठेवा, पुढे तुलनेला लागते. पण प्रत्येक बदलाला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणून हात टेकू नका, थायरॉईड, डिप्रेशन, मोतीबिंदू, बहिरेपणा, झोपेतला श्वास, बी-१२ हे सगळं आधी तपासायचं, कारण यांच्यावर उपचार आहेत.

शेवटचं काम पहिल्याच पानाशी जोडलेलं आहे. ते पान दर वाढदिवसाला नवीन करा आणि त्याची एक प्रत तुमच्याशिवाय अजून दोघांकडे द्या, कारण आपण आजारी पडलो तर त्याच्या सवयी दुसऱ्या कोणाला कळायला हव्यात. आमच्या पानावर सगळ्यात वर लिहिलंय: "संध्याकाळी चपला लावतो. लावल्या नाहीत तर दोन दिवस बघा, तिसऱ्या दिवशी ताईला फोन करा."